मिस क्रॅब्ट्रीचा कोको

सुप्रभाला हाक मारायला लीड्समध्ये माणसांची कमी नव्हती. बसचा ड्रायव्हर तिला 'लव्ह' म्हणायचा. मार्केटातला मासेवाला 'माय लव्ह' म्हणायचा, आणि बांगडा पोटाकडून दाबून बघितला तरी न चिडता पुन्हा तेच म्हणायचा. हॉस्पिटलात ती जन्मभर 'डॉक्टर के' होती, कारण केळुसकर हे आडनाव पुरतं उच्चारायच्या आत पेशंटला भूल चढायची. महाराष्ट्र मंडळात ती 'ताई', लीलावतीसाठी 'केळुसकरबाई', मुलासाठी 'आई', आणि शशीसाठी, लग्नाला इतकी वर्षं होऊनही, नुसतीच 'अगं'. एवढ्या हाका पदरात असलेल्या बाईने आणखी एका हाकेसाठी झुरावं, हे तिचं तिलाच हास्यास्पद वाटे. पण झुरत होती खरी.

तिची सून ईरा तिला काहीच म्हणत नसे.

पोरगी गोड होती. येताना फुलं आणायची, जेवल्यावर भांडी डिशवॉशरमध्ये लावायची, अहो-जाहो करून अदबीने बोलायची. फक्त बोलण्याआधी जी हाक यावी, तिथे नुसती हवा असायची. मेसेजची सुरुवात 'हाय' आणि पिवळा हसरा चेहरा. अर्जुनशी बोलताना 'युअर मम'. समोरासमोर असेल तर आधी खोलीत यायची, सुप्रभाच्या नजरेच्या टप्प्यात उभी राहायची, नजरानजर झाली की मगच वाक्य सुरू. बँकेच्या काउंटरवर नंबर लागायची वाट बघावी तसं.

आता त्यांच्या घराचं छप्पर उघडून ठेवून बिल्डर गायब झाला म्हणून अर्जुन आणि ईरा लीड्सच्याच राउंडहे भागात, सुप्रभा-शशीकडे राहायला आले होते, आणि हे जवळून बघावं लागत होतं. सुप्रभाचा फोन वरच्या मजल्यावर राहिलेला असायचा, तो वाजायचा, आणि ईरा वरून हाक मारण्याऐवजी अख्खा जिना उतरून, स्वयंपाकघरात येऊन, नजरेला नजर मिळवून सांगायची, "फोन वाजतोय." तोवर तो वाजायचा थांबलेला असे. दोघीही मग एकमेकींना सॉरी म्हणत.

आणि शशीला मात्र ती पहिल्या दिवसापासून 'बाबा' म्हणत होती. बाबा, चहा घेणार? बाबा, रिमोट कुठेय? शशीने त्यासाठी काय पुण्य केलं होतं, हे सुप्रभाला उमगत नव्हतं. त्याने तर साखरपुड्याच्या जेवणात ईराला फक्त कौन्सिलच्या कचऱ्याच्या बिन कलेक्शनबद्दल माहिती दिली होती.

त्या जेवणातच सगळं बिघडलं होतं. भूलतज्ज्ञ बाईचा जन्म अशा माणसांशी बोलण्यात जातो जी बोलता बोलता झोपी जातात, त्यामुळे जागं राहणाऱ्या माणसाशी काय बोलावं याचा तिला सराव नव्हता. सून पहिल्यांदा समोर बसली तेव्हा सुप्रभाने, भूल देण्याआधी पेशंटला विचारावं तसं, विचारलं होतं, तुला कसली ॲलर्जी आहे का, शेवटचं कधी खाल्लंस. हलणारा दात आहे का, एवढं विचारायचं बाकी होतं. मग आपलं आपल्यालाच कळून तिने घाईघाईने मोकळेपणाचा सूर लावला. "आमच्याकडे तसलं काही नाही हं. तू मला काहीही म्हण."

घरी परतताना ती स्वतःवर बेहद्द खूश होती. पुढच्या मंडळाच्या कार्यक्रमात तिने हे चार बायकांना सांगितलं, पाचवीला दोनदा सांगितलं. आपण पुढारलेली सासू आहोत हे आपल्याच तोंडून ऐकायला तिला फार आवडलं. वर्षभराने लीलावतीनेच निकाल लावला, की तू सांगितलंस काहीही म्हण, ती काहीच म्हणत नाही, पोरगी तुझ्या आज्ञेबाहेर नाही गं.

लीलावती मंडळाची खजिनदार, तिची सून तिला 'अहो आई' म्हणते. दर वाक्यात म्हणते. सुप्रभाला वाटे, मुद्दाम आपल्यासमोर जास्त म्हणते.

सुप्रभाला एक खोड होती. मन भरून आलं की ती जात्यावरच्या ओव्यांच्या चालीवर काहीतरी जुळवी. आजोळच्या बायकांकडून कानावर पडलेली ती चाल इतकी वर्षं यॉर्कशायरच्या थंडीतही गारठली नव्हती. जातं नव्हतं म्हणून ती कॉफीच्या ग्राइंडरवर गाई. अडचण एवढीच, की जात्यावर बायकांनी अख्खी रामायणं गायली, ग्राइंडर दोन ओळींत थांबतो.

सून माझी गं पंडिता, बोले मोजून मापून
नाव माझं गं ठेवते, जिभेखाली ते जपून

एवढ्यात कॉफी दळून होई आणि दुःख अर्धंच राही.

ईरा युनिव्हर्सिटीत इतिहास शिकवायची. मुलींच्या जुन्या वसतिगृहाची इमारत, जिथे आता विद्यार्थ्यांच्या समुपदेशनाचं ऑफिस आहे, ती सप्टेंबरातल्या हेरिटेज शनिवारी लोकांना दाखवायची होती. नुसत्या भिंती कोण बघणार, म्हणून ईराने एक छोटा प्रवेश लिहिला. साल एकोणीसशे नऊ, वसतिगृहातली कोकोची संध्याकाळ. तेव्हाच्या मुली जेवणानंतर एकमेकींना खोलीवर कोको प्यायला बोलवायच्या. कुणी कुणाला बोलवायचं, आधी कुणी बसायचं, याचे नियम लग्नातल्या मानपानाला लाजवतील असे. वसतिगृहाच्या मासिकातल्या बातम्या त्या बैठकीत वाचल्या जायच्या, तर ईरानेही तशा बातम्या प्रवेशात घातल्या होत्या.

पात्रं दोनच. तिसऱ्या वर्षाची मिस हॅरिएट क्रॅब्ट्री आणि पहिल्या वर्षाची मिस डोरा विल्क्स. डोरा ईरा स्वतः करणार होती. हॅरिएट करणारी विद्यार्थिनी एडिनबराला नोकरी लागून निघून गेली. दुसरी मिळेना. शेवटी ईराने शशीला विचारलं, "बाबा, तुम्ही त्यांना विचाराल का?"

त्यांना. सुप्रभा तेव्हा त्याच खोलीत मटार सोलत होती.

हॅरिएट एकवीस वर्षांची आणि सुप्रभा पासष्टीला टेकलेली, ही बाब कुणी उच्चारली नाही. सुप्रभानेच आरशासमोर उभं राहून, मण्यांच्या पिनांनी खोचलेली हॅट घालून, स्वतःला सांगितलं की पडदे ओढले असतील, उजेड कमी असेल, आणि प्रेक्षकांपैकी निम्म्यांचे मोतीबिंदू पिकलेले असतील. तिने होकार दिला. नाटकासाठी नव्हे हे तिला ठाऊक होतं. तालमी म्हणजे ईराबरोबर रोजची संध्याकाळ, एवढाच तिचा हिशेब.

बातम्या वाचायला तिला फार मजा यायची. मिस ॲबट यांची किटली हरवली असून, ज्यांच्या खोलीतून अलीकडे जास्त वाफ येते त्यांनी मनाशी विचार करावा. हॉकीच्या सामन्यात आपला संघ चिखलाकडून हरला. भौतिकशास्त्राच्या वर्गात मुलींना पहिली रांग दिली आहे, ती आदरापोटी नसून प्राध्यापकांना मागचं दिसत नाही म्हणून. वसतिगृहाची मांजर पदवीदान समारंभात शिरली, तिला पदवी मिळाली नाही, पण मंचावर ती आपल्यापेक्षा जास्त वेळ होती. सुप्रभा हे असं वाचायची की ईरा डोराचं काम विसरून हसत सुटायची. त्या हसण्याकडे बघत सुप्रभाला वाटायचं, आता म्हणेल. काहीतरी म्हणेल.

आणि मग ते शेवटचं वाक्य यायचं.

त्या काळी मुली एकमेकींना 'मिस' अमुक, 'मिस' तमुक म्हणायच्या. नावाने हाक मारायची तर आधी रीतसर विचारावं लागे, आणि ते विचारायचा अधिकार फक्त मोठीचा. त्याला त्या चक्क प्रपोज करणं म्हणत. हे ऐकून लीलावती फोनवर म्हणाली होती, की बघ बाई, यात फसशील. प्रवेशाचा सगळा डोलारा त्या क्षणावर उभा होता. कोकोचे कप रिकामे होतात, हॅरिएट म्हणते, मिस विल्क्स, आपण आता 'मिस' सोडून द्यायचं का? डोरा म्हणते, हो, हॅरिएट. संपलं.

"धाकटीने विचारलं तर?" सुप्रभाने पहिल्याच तालमीत विचारलं होतं.

ईरा हॅटच्या पिना डब्यात लावत होती. "चालायचं नाही. अगदी बॅड मॅनर्स. हिंटपण द्यायची नाही. धाकटीने फक्त वाट बघायची."

"आणि मोठी विसरली तर?"

"मग डिग्री मिळेपर्यंत मिस. कधीकधी नंतरपण. जन्मभर."

सुप्रभाने कोकोच्या कपातला रिकामा चमचा ढवळला. मग, अगदी अभ्यासू चेहरा करून, तिने विचारलं की समजा, मोठी म्हणाली, तुला हवं ते म्हण, तर.

ईराने मान वर केली नाही. "ते तर जास्त वाईट. म्हणजे तिने दार उघडलं नाही ना. ती फक्त म्हणाली, इथे एक दार आहे."

पिनांचा डबा बंद झाला. हे इतिहासाबद्दल होतं की घराबद्दल, ते सुप्रभाला कळेना. आणि ईराने आपणहून काही सांगायची सोय नव्हती, कारण मोठी सुप्रभाच होती.

त्या दिवसापासून ते वाक्य तिच्या तोंडून निघेना. बाकी सगळं पाठ. किटली, चिखल, मांजर, सगळं घडाघडा. शेवटच्या वाक्यापाशी आली की घशात भुलीची नळी घातल्यासारखं व्हायचं. हजारो माणसांच्या घशात तिने ती नळी घातली होती. आज कुणीतरी सूड उगवत होतं. ईरा समजुतीने म्हणायची, काही नाही, त्या दिवशी येईल. शशी म्हणाला की पोस्ट-इट चिकटव कपाच्या आत. त्याला काय, तो बाबा होता.

सुप्रभाला गंमत वाटायची ती स्वतःचीच. मंडळातल्या कुठल्याही लग्नात उखाणा अडला की नवरी तिच्याकडे पाठवली जाई. नावं घेण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. गेल्याच हळदीकुंकवाला तिने सगळ्यांना हसवून लोळवलं होतं:

कौन्सिलच्या पार्किंगवाल्याशी यांची हुज्जत खाशी,
दंड भरून येतात आणि चहा मागतात शशी

पण ते यमकात आणि टाळ्यांत. घरी आल्यावर पुन्हा 'अहो, ऐकलंत का'. म्हणजे गर्दीसमोर घेता येतं ते नाव घरात अडतं, आणि घरातली गोष्ट गर्दीसमोर अडते. असली बाई आपण जगाला झोपवत हिंडलो, जग जागं कसं झालं कोण जाणे.

शनिवार उजाडला. संध्याकाळचा प्रवेश दुपारी तीनला होता, म्हणून समुपदेशनाच्या ऑफिसातले पडदे ओढून घेतले. 'तुम्ही एकटे नाही' असं लिहिलेलं पोस्टर उलटं करून ठेवलं. प्रेक्षकांत काही जुन्या विद्यार्थिनी, कुत्रा घेऊन आलेलं एक जोडपं, चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन लीलावती, आणि फोनवर शूटिंग करणारा शशी, ज्याचा अंगठा पहिल्यापासून शेवटपर्यंत लेन्सवर होता.

सुप्रभाने काम छान केलं. मांजरीच्या बातमीला तर कुत्र्यानेही कान टवकारले. डोरा लाजत होती, कोको ओतत होती, मिस क्रॅब्ट्री अशी, मिस क्रॅब्ट्री तशी. कप रिकामे झाले. ईराने आपला कप हातात अर्धवट उचलून धरला आणि सुप्रभाकडे बघितलं.

वाक्य आलं होतं. अगदी ओठांवर, स्वच्छ, कुठेही न अडता. पहिल्यांदाच. आणि तेव्हाच सुप्रभाला वाटलं की हे इथे वाया जाईल. तीन वर्षं जे आपण घरात विचारलं नाही ते हॅट घालून, दुसरीच्या नावाने, कुत्र्यासमोर विचारायचं, आणि तिनेही उत्तर पाठ केलेलं द्यायचं. टाळ्या पडतील आणि त्यानंतर ते पुन्हा खरं म्हणता येणार नाही.

ती उठली. शाल सावरली. "रात्र फार झाली," ती इंग्रजीत म्हणाली. "गुड नाइट, मिस विल्क्स."

ईराने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "गुड नाइट, मिस क्रॅब्ट्री."

टाळ्या पडल्या. एका वयस्कर बाईने डोळे पुसत सुप्रभाचा हात हातात घेतला आणि ती म्हणाली, माझी आजी सांगायची, अगदी असंच व्हायचं हो, लव्ह, पुष्कळजणी विचारायच्याच राहून गेल्या. लीलावतीने चिवडा फिरवता फिरवता सांगितलं, की शेवट दुःखी ठेवलात ते बरं केलंत, नाहीतर फार गोग्गोड झालं असतं. शशीला काही झालंय हेच कळलं नव्हतं.

ऑफिसाच्या मागच्या चिंचोळ्या किचनमध्ये ईरा दुधाचं पातेलं घासत होती. तळाला दूध लागलं होतं. सुप्रभा टॉवेल घेऊन शेजारी उभी राहिली. हॅट अजून डोक्यावरच होती, पिना निघत नव्हत्या.

"ती लाइन म्हणजेच सगळा पॉइंट होता," ईरा पातेल्याकडे बघत म्हणाली. आवाजात राग होता. सुप्रभाला तो ऐकून उगीच बरं वाटलं. पाहुण्यांवर कुणी रागावत नाही.

"माहीत आहे."

"विसरलात?"

"नाही. तिथे खोटं खोटं म्हणायचं नव्हतं."

घासणी थांबली.

सुप्रभाने टॉवेलची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. "मी तुला म्हणाले होते, काहीही म्हण. आणि सगळ्या लीड्सला सांगत सुटले की मी कशी मोकळी आहे. ते चुकलं माझं. मी मोठी आहे, मी नीट विचारायला हवं होतं. आता विचारते." तिने टॉवेल खाली ठेवला. "मला आई म्हणशील का?"

ईराने नळ बंद केला. तिने हात पुसले.

"आई आहे ना मला एक. बर्मिंगहॅमला. तिला कळलं तर ती पुढची ट्रेन पकडून येईल." ती कसनुसं हसली. "खरंच सांगते. मी ट्राय केलं होतं. बाथरूममध्ये, एकटी. तोंडातून निघत नाही. आई म्हटलं की तीच येते समोर."

"मग यांना बाबा कसं म्हणतेस?"

"माझ्या डॅडला मी डॅड म्हणते. बाबा फ्री होतं."

"फ्री?"

"व्हेकन्सी."

सुप्रभा पातेल्याच्या काठाला धरून उभी राहिली. तीन वर्षं जो मान शशीला गुणांवर मिळाला असं धरून ती जळत होती, तो त्याला रिकाम्या जागेवर मिळाला होता. हे त्याला सांगायचं की नाही, आणि सांगायचं तर चहाआधी की नंतर, याचा विचार तिच्या मनात तिथल्या तिथे सुरू झाला.

तरी तिने एक शेवटचा धीर करून पाहिला. "अहो आई? लीलावतीची सून म्हणते."

"ते म्हणजे आईच, पण अपॉइंटमेंट घेऊन."

हे मात्र खरं होतं. सुप्रभाला हसू फुटलं, आणि हसताना तिने विचारून टाकलं की मग मनातल्या मनात तरी काय म्हणतेस. ईरा नाही म्हणाली. सांग म्हटलं. नकोच म्हणाली. मग सांगितलं. "एनी ॲलर्जीज."

आता दोघी हसत होत्या, सिंकला टेकून, पोट धरून. सुप्रभाची हॅट एका कानावर आली. ईराने पुढे होऊन एक एक पिन काढायला घेतली. इतक्या जवळून ती कधी उभी राहिली नव्हती. शेवटची पिन काढताना, सुप्रभाच्या डोळ्यांकडे न बघता, कुठल्याही नजरानजरेशिवाय, ती म्हणाली, "मी सुप्रभा म्हणू?"

सुप्रभाला आधी मंडळ दिसलं. लीलावतीच्या वर गेलेल्या भुवया दिसल्या. ती म्हणेल, सासूला नावाने हाक, आणि वर म्हणे आम्ही पुढारलेल्या. मग तिला वाटलं, आपण मागितलं काय आणि मिळतंय काय, आईच्या जागी नुसतं नाव. पोराबाळांनी एकमेकांचं घ्यावं तसलं.

पण आज दुपारभर ती ज्या मुलीचे कपडे घालून बसली होती, ती तर अशा नुसत्या नावासाठीच कोकोला बोलावत होती. आणि खरं सांगायचं तर सुप्रभा म्हणून हाक मारणारं होतं तरी कोण? लव्ह होते, ताई होत्या, केळुसकरबाई होती, अगं होतं. नावाचं नाव फक्त पासपोर्टवर उरलं होतं. पूर्वी मागीलदारी उभी राहून तिची आई हाक मारायची, पहिलं अक्षर आखूड आणि शेवटचं लांबवून, की चिंचेखाली खेळणाऱ्या साऱ्या पोरींना ऐकू जाई. ती गेली आणि ते नाव कपाटात जाऊन बसलं.

"म्हणून बघ," सुप्रभा म्हणाली.

"सुप्रभा," ईरा म्हणाली. जरा घाबरत, जरा इंग्रजी वळणाने.

"ओ," सुप्रभाने उत्तर दिलं. ठरवून नव्हे. लहानपणी द्यायची तसं, आपोआप.

पातेलं शेवटपर्यंत स्वच्छ निघालंच नाही. ते त्यांनी तसंच भिजत ठेवून दिलं, सोमवारी समुपदेशकांनी बघावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुप्रभा कॉफी दळत होती. शशी टेबलाशी बसून काल शूट केलेला आपला अंगठा बघत होता. वर कुठेतरी फोन वाजायला लागला. सुप्रभाने ग्राइंडरवरचा हात काढला आणि जिन्यावर पावलं वाजतायत का, याचा कानोसा घेतला. पावलं वाजली नाहीत.

"सुप्रभा," वरून हाक आली, मोठ्याने, घर दणाणेल अशी. "तुमचा फोन."

शशीने चष्मा वर केला. त्याने आधी छताकडे पाहिलं, मग दाराकडे, मग बायकोकडे. घरात कुणी नवीन बाई आली आहे का, असा त्याचा चेहरा होता.

"कुणाला हाक मारतेय ती?"

"ओ," सुप्रभाने जिन्याकडे तोंड करून उत्तर दिलं, आणि फोन वाजायचा थांबायच्या आत पायऱ्या चढू लागली.